माचा, महाड आणि खिडकीतला कप

तर झालं असं, की या दिवाळीत महाडला घरी जाताना मी सॅकमध्ये माचाचे दोन डबे घेऊन गेलो. सोबत बांबूची ती दाते असलेली रवी (तिला चासेन म्हणतात), एक बारीक गाळणी आणि यूट्यूबवरून गोळा केलेलं भरपूर ज्ञान. पुण्याच्या आमच्या ऑफिसात हल्ली अर्धी टीम हे हिरवं पेय पिते. मीही सहा महिने पितोय. आणि सॉफ्टवेअरवाल्याला एखादी गोष्ट सहा महिने जमली की ती दुसऱ्याला शिकवल्याशिवाय चैन पडत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच :-)

माचा झाला उत्तम. वर फेस आला, गुठळी नाही, कडूपणा नाही. चुकलं ते वेगळंच, आणि तेही माझ्या लक्षात आलं रात्री भांडी विसळताना. खरं तर त्या चुकीबद्दलच लिहायला बसलोय. पण आधी माचा कसा निवडायचा आणि कसा करायचा ते सांगतो. एक तर त्यात लोकांचे बरेच पैसे फुकट जाताना बघतोय, आणि दुसरं म्हणजे माझी चूक त्या रीतीतल्या शेवटच्या पायरीवर झाली.

माचा म्हणजे हिरव्या चहाची पूड, पण कुठल्याही हिरव्या चहाची नव्हे. पानं खुडायच्या आधी साधारण तीन-चार आठवडे झुडपांवर सावली धरतात. ऊन कमी मिळालं की पान जास्त हिरवं होतं, त्यातलं थिआनिन नावाचं अमिनो आम्ल टिकतं आणि तुरटपणा आणणारे कॅटेचिन कमी तयार होतात. खुडल्यावर पान लगेच वाफवतात, म्हणजे ते काळं पडत नाही. मग न वळता वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात. जे उरतं त्याला तेन्चा म्हणतात. तो दगडी जात्यात दळला की माचा. जातं जोरात फिरवून चालत नाही, पूड तापते. एका जात्यातून तासाला जेमतेम ३०-४० ग्रॅम पूड पडते. महागाईचं एक कारण हे. दुसरं कारण आपण सगळे! जगभर मागणी इतकी वाढली की २०२४ च्या शेवटाला क्योतोतल्या जुन्या नावाजलेल्या दुकानांनी गिऱ्हाइकामागे किती डबे द्यायचे यावर मर्यादा घातली.

आता निवड. डब्यावर मोठ्या अक्षरात 'सेरेमोनियल ग्रेड' लिहिलेलं असतं आणि आपण त्यासाठी दुप्पट पैसे मोजतो. माझं स्पष्ट मत: त्या शब्दाकडे बघूच नका. जपानमध्ये असा कुठला अधिकृत दर्जा नाही. तो परदेशी बाजारासाठी काढलेला विक्रीचा शब्द आहे, कुणीही कशावरही छापू शकतो. त्यापेक्षा डबा उलटा करून मागचं वाचा. घटकांमध्ये हिरवा चहा, एवढी एकच गोष्ट हवी. साखर, दूध पावडर दिसली की ते मिक्स, माचा नव्हे. कुठल्या भागातला ते लिहिलंय का? उजी, निशिओ, यामे, कागोशिमा अशी नावं दिसली तर निदान विकणाऱ्याला माल कुठून आला ते सांगायची लाज नाही. पहिल्या तोडणीचा, म्हणजे एप्रिल-मेचा आहे का? आणि पॅक कधी केला? माचा मुरायला ठेवायचं लोणचं नाही. दळल्यापासून तो उतरणीलाच लागतो.

हे सगळं मी आजोळी ऐटीत सांगत होतो. आजोळ पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या बाजूला, महाडहून फार लांब नाही. मामीने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ते वाचणं राहू दे. आण इकडे." एक डबा नवा होता, दुसरा सहा महिन्यांपूर्वी घेतलेला स्वस्तातला. तिने दोन्हीतली चिमूटभर पूड पांढऱ्या ताटलीच्या काठावर घेतली, बोटाने लांब पसरवली, मग तळहातावर चोळून वास घेतला. नवा डबा माझ्याकडे सरकवत म्हणाली, "हा ताजा." दुसरा झाकण लावून बाजूला ठेवला. "हा मेलाय. पेंढ्याचा वास येतोय."

मंडळी, जाणकारांची कसोटीही जवळजवळ हीच असते! चांगला माचा पसरला की टवटवीत हिरवा दिसतो, पावडरीसारखा मऊ लागतो, वास गोडसर येतो. शिळा किंवा हलका माचा पिवळट-खाकी दिसतो, बोटाला कणी लागते आणि वास वाळक्या गवताचा. मामी हळद आणि मिरचीपूड गेली चाळीस वर्षं अशीच पारखून घेते. आपण मात्र स्टार रेटिंग बघतो.

हिशोबही करा. माझा ३० ग्रॅमचा डबा दोन हजारांच्या आसपास पडला. एका वेळेला २ ग्रॅम लागतो, म्हणजे १५ वेळा. कपामागे सव्वाशे रुपयांच्या वर. दुधात घालून, साखर टाकून प्यायचा असेल तर एवढा भारी माचा घेऊ नका, त्याची चव दुधात हरवते. मधल्या किमतीचा, पण ताजा घ्या. नुसत्या पाण्यात पिणार असाल तरच चांगल्यावर पैसे घाला, आणि लहान डबा घ्या. उघडला की महिना-दीड महिन्यात संपवायचा.

आरोग्याचंही एकदा बोलून टाकू. 'माचात ग्रीन टीच्या १३७ पट अँटिऑक्सिडंट' हे वाक्य तुम्ही वाचलं असेलच. हा आकडा २००३ च्या एका अमेरिकन अभ्यासातला आहे. त्यात ईजीसीजी या एका घटकाची तुलना एका विशिष्ट ब्रँडच्या एका ग्रीन टीशी केली होती. त्याच अभ्यासात इतर ग्रीन टींच्या नोंदींमधल्या सर्वात मोठ्या आकड्याशी तुलना केली, तेव्हा फरक तिपटीच्या आसपास भरला. जाहिरातीत कुठला आकडा गेला ते सांगायला नको. दुसरी गोष्ट, जेवणाबरोबर माचा नको. चहातल्या या घटकांमुळे भाजी-डाळीतलं लोह कमी शोषलं जातं, आणि इथे तर आपण आख्खं पानच पितो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, तेव्हा ही काही बारीक बाब नाही. जेवण आणि चहा यांत तास-दीड तास जाऊ द्या. शिवाय २ ग्रॅम माचात साधारण ४० ते ८० मिलिग्रॅम कॅफिन असतं. रात्री पिऊन झोप आली नाही तर माचाला बोल लावू नका.

आता कृती. पसरट वाडगा घ्या, गरम पाण्याने विसळून कोरडा करा. चासेनचे दाते दोन मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, नाहीतर मोडतात. २ ग्रॅम पूड, म्हणजे सपाट चहाचा चमचा, गाळणीतून वाडग्यात चाळून घ्या. चाळायचा कंटाळा केलात तर गुठळ्या राहणार, मग कितीही घुसळा. पाणी ६०-७० मिली, आणि उकळतं अजिबात नको. ७० ते ८० अंश पुरे. उकळतं ओतलं की कडूपणा वर येतो आणि लोक म्हणतात माचा वाईट. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका थंड भांड्यात ओता, त्यातून दुसऱ्यात. दर ओतण्याला साधारण दहा अंश उतरतात. मग मनगट सैल ठेवून चासेन पुढे-मागे भरभर चालवा, इंग्रजी डब्ल्यू काढल्यासारखी. गोल फिरवायची नाही. पंधरा-वीस सेकंदांत फेस येतो.

आजोळी गेलो तेव्हा चासेन महाडलाच राहिली होती. मी म्हटलं, ताकाची रवी आहे की! तर मंडळी, ताकाची रवी वापरू नका. ती गोल फिरते, वाडगा उथळ असतो, आणि मामाच्या पांढऱ्या सदऱ्यावर हिरवे ठिपके पडतात. शेवटी झाकणाच्या बरणीत पूड आणि पाणी घालून खळखळून हलवलं. बऱ्यापैकी जमलं. चासेनशिवाय अडत नाही एवढंच सांगायचंय.

कोकणातल्या लोकांसाठी एक जादा सूचना. आपल्याकडे पावसात पापड मऊ पडतो, तिथे या पुडीचं काय होईल! डबा घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर मात्र लगेच उघडू नका. आधी डबा बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतली वाफ आत पुडीवरच धरते.

उरलं पाणी. ६०-७० मिलीत २ ग्रॅम पूड, म्हणजे वाडग्यात सत्त्याण्णव टक्के पाणीच की. जड पाण्यात चहाची चव दबते. आमच्या सोसायटीच्या टँकरच्या पाण्यात जो माचा मला रोज ठीक वाटायचा, तोच मामाच्या विहिरीच्या पाण्यात गोड लागला. पुण्यात असाल तर निदान फिल्टरचं पाणी घ्या. महाडच्या माणसाने पाण्याच्या चवीबद्दल वेगळं काय सांगावं? आमच्या तळ्याचं नावच चवदार आहे.

तर आजोळहून परत महाडला. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सगळे घरात. आई, बाबा, काका-काकू, चुलत भावंडं. मी ओट्यापाशी माचा घुसळतोय आणि तोंडाने जपान सुरू. सोळाव्या शतकातला सेन नो रिक्यू हा चहाचा मोठा गुरू. त्याच्या पद्धतीच्या चहाच्या खोलीचं दार इतकं बुटकं, जेमतेम दोन-सव्वादोन फूट, की भल्याभल्यांना वाकून, सरपटत आत जावं लागे. सामुराईला तलवार बाहेर ठेवावी लागे. आणि दाट माचा, ज्याला कोइचा म्हणतात, तो पाहुण्यांनी एकाच वाडग्यातून प्यायचा. एकाने दोन-तीन घोट घ्यायचे, काठ पुसायचा आणि पुढच्याकडे द्यायचा. (करोनाच्या काळात हे थांबवावं लागलं होतं.) जपानमध्ये सगळं समतेचं राज्य होतं असं मुळीच नाही. तिथेही समाजाने बाहेर ठेवलेले लोक होते, त्यांना त्या खोलीत बोलावणं नसायचं. पण निदान त्या खोलीत आलेल्यांचा वाडगा एक होता. घरातले कौतुकाने ऐकत होते. काकू म्हणाली, "किती छान रे."

तेवढ्यात मावशी भांडी आटपून मागच्या दारातून आल्या. मावशी म्हणजे आमच्याकडे काम करतात त्या, मी शाळेत असल्यापासून. मी म्हटलं, "मावशी, तुम्हीपण घ्या, जपानचा चहा आहे." आईने खिडकीतला स्टीलचा कप काढून दिला. मी त्यात माचा ओतला. मावशींनी पडवीत बसून तो प्यायला आणि म्हणाल्या, "काय रे हे, टाकळ्याच्या पाण्यासारखं लागतंय." सगळे हसले. मीपण.

रात्री चासेन धुवायला गेलो तर खिडकीत तो कप उपडा ठेवलेला. उचलला तर तळाशी हिरवं वर्तुळ. एका वाडग्याची गोष्ट सांगता सांगता माझ्याच हाताने मी त्यात माचा ओतला होता. हात अडखळलाही नाही.

आमच्या घरापासून चवदार तळं चालत दहा मिनिटांवर आहे. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ साली तळं खुलं केलं. म्हणजे कागदावर. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड मर्ज झाला, डिप्लॉय कुणी केलाच नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या लोकांनी त्यांच्यावर हल्ले केले आणि शेणा-गोमूत्राने तळं 'शुद्ध' केलं. कोर्टकज्जे चालले, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रह्यांच्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला. घोटभर पाण्यासाठी दहा वर्षं. हे आम्ही शाळेत शिकलो, त्यावर निबंध लिहिले, मला बक्षीसही मिळालं होतं.

आणि घरात कप वेगळा.

दुसऱ्या दिवशी आईशी बोललो. आई वाईट नाही, हे मुलगा म्हणून नाही, खरंच सांगतोय. मावशींच्या मुलीच्या फीपासून दवाखान्यापर्यंत सगळं तिने केलंय. ती म्हणाली, "अरे, तिलाच तो कप बरा वाटतो. स्टीलचा आहे, फुटत नाही." मग म्हणाली, "आणि स्वच्छतेचं पण असतं." मी म्हटलं, "आई, आपले सगळे कप त्याच धुतात." यावर ती काही बोलली नाही. 'आम्ही कधी जात विचारली नाही' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. विचारावी लागत नाही, सगळ्यांना माहीत असते.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते पुढचं. जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडालं, आमच्या खालच्या मजल्यावर छातीभर पाणी होतं. पाणी ओसरल्यावर मावशींनी आमच्याबरोबर चार दिवस गाळ उपसला. तेव्हा शेगडीवर एकच पातेलं चढायचं आणि ज्याला जे भांडं मिळेल त्यात चहा. कोण कशातून पितंय हे कुणी बघितलं नाही. बघणार काय, सगळे कप वाहून गेले होते. नंतर बाजारातून नवा सेट आणला. आणि त्याबरोबर एक स्टीलचा कपही आणला. खिडकीतला कप हा जुना वारसा नाहीये, मंडळी. तो २०२१ साली आम्ही दुकानात जाऊन, पैसे देऊन, ठरवून विकत घेतलाय.

आता तुम्ही म्हणाल, खेडेगावात हे चालायचंच. थांबा. पुण्याच्या माझ्या फ्लॅटवर स्वयंपाकाला ताई येतात. त्यांना चहा देताना माझा हात नेमका त्या कान तुटलेल्या मगाकडे जातो. मी कधी ठरवलं नव्हतं, पण जातो. तुमच्याही ओट्याच्या कोपऱ्यात, फ्रिजच्या डोक्यावर, बाल्कनीच्या कट्ट्यावर असा एखादा कप असेल. ड्रायव्हरचा, वॉचमनचा, ताईंचा. आपण त्याला जात म्हणत नाही, हायजीन म्हणतो. बाहेर शंभर अनोळखी माणसं प्यायलेल्या कपात तीनशे रुपयांचा माचा लाते पिताना ते हायजीन कुठे जातं?

म्हणून माझं मत एवढंच. माचा जरूर करा, छान लागतो. पण पूड, चासेन, ऐंशी अंश, हे सगळं विकत मिळतं आणि आठवड्यात जमतं. आपण जपानकडून पूड घेतली आणि वाडगा तिथेच ठेवला. तो वाडगा घ्यायला खरं तर जपानला जायचीही गरज नव्हती. ती गोष्ट आमच्या तळ्यावर घडून गेलीय.

सकाळी निघण्याआधी मी घरात साधा आल्याचा चहा केला. माचा मुद्दाम नाही केला, आणि 'मावशी, एकाच वाडग्यातून पिऊ' वगैरे नाटकही नको होतं. ते मावशींसाठी नसतं, माझ्या समाधानासाठी झालं असतं. फक्त सेटमधले सगळे कप काढले, भरले आणि टेबलावर ठेवले. त्यातला एक मावशींचा. त्यांनी आधी आत आईकडे बघितलं, मग कप उचलला आणि उभ्यानेच प्यायला. आईने काही म्हटलं नाही. माझी गाडी आली आणि मी निघालो.

खिडकीतला कप आता कुठे आहे ते मला माहीत नाही. रोज फोन होतो, पण विचारायचं टाळतोय. पुढच्या फेरीला बघेन.

पुण्याचा कान तुटलेला मग मात्र मी काढलाय. सध्या त्यात चासेन वाळत घालतो.